भलरी : शेतातील वाद्याविना समूहगान

पेरणी, खुरपणी, सोंगणी अशी शेतीची कामे करताना एकत्र म्हटल्या जाणाऱ्या श्रमगीतांना मराठीत भलरी म्हणतात. या गायनाला वाद्याची साथ नसते. मजूर ओळीने पात धरतात, एक जण गीताची ओळ उचलतो आणि बाकीचे पालुपद झेलतात. विळ्या-खुरप्याची गती हाच ताल. त्यामुळे हात एका लयीत चालतात आणि श्रमाचा शीण हलका होतो. एकमेकांच्या शेतात मोबदल्याविना राबण्याच्या ‘इर्जिक’ पद्धतीशीही भलरीचे नाते आहे.

घरात हेच काम जात्यावरच्या ओवीने केले. दोघी समोरासमोर बसून दळत आणि आळीपाळीने गात. पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि ओवीचा रोजचा प्रसंगच नाहीसा झाला. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी पुण्यातून चालविलेल्या संकलनामुळे एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या.

शब्द असे जपता येतात. अनेक कंठांचा मेळ मात्र गाणाऱ्यांवाचून जपता येत नाही. पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आलेंतेजो प्रांताचा अनुभव येथे उपयोगी ठरतो. तेथील शेतमजूर व खाणकामगारांच्या ‘कांते’ गायनातही वाद्य नसते. एक जण आरंभ करतो, दुसरा वरच्या स्वरात पुढे नेतो आणि मग सारा समूह सामील होतो. यंत्रांमुळे शेतातले मजूर कमी झाले, पण गावोगावच्या गायनमंडळांनी हे गाणे चालू ठेवले. रोजगारासाठी लिस्बन परिसरात गेलेल्यांनीही तेथे मंडळे उभारली. २०१४ मध्ये युनेस्कोने ‘कांते’चा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या लासलगावच्या (ता. निफाड, जि. नाशिक) परिसरात कांद्याची लागवड आणि काढणी आजही मजुरांच्या टोळ्याच करतात. म्हणजे भलरीला लागणारा समूह तेथे अजून आहे. मात्र काम उक्ते घेतले की मोबदला उरकलेल्या कामावर ठरतो, आणि गाण्याच्या लयीपेक्षा वेगाला महत्त्व येते. म्हणूनच भलरी टिकवायची तर केवळ ध्वनिमुद्रण पुरेसे नाही; शेताबाहेरही तिला एकत्र गाणारे गळे मिळाले पाहिजेत.