तान्ह्या मुलाची बाटली आणि एक विसरलेला प्रयोग

तान्ह्या मुलाच्या तोंडीं काय जावें हें तें मूल स्वतः कधींच ठरवीत नाहीं. आईचें दूध असो, वाटी-चमच्यानें पाजलेलें गाईचें दूध असो, कीं आजीच्या काळचें चांदीचें बोंडलें असो, जें ओठांशीं येईल तें विश्वासानें पिऊन टाकणें एवढेंच त्याच्या हातीं असतें. म्हणूनच घरांतील वडील माणसें दूध उकळून घेतात, भांडें लख्ख घासतात, आणि हात धुतल्यावांचून मुलाला जवळ घेत नाहींत. ह्या सर्व दक्षतेचा रोख जंतूंवर असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु विसाव्या शतकांत बालकांच्या आहारांत अशीं कांहीं द्रव्यें शिरलीं कीं जीं चवीनें वा वासानें ओळखूं येत नाहींत आणि उकळल्यानें नाहींशीं होत नाहींत. त्यांचें काम एकच : शरीराला खोटा निरोप देणें. त्यांच्या इतिहासांत विशेष हें कीं, त्यांचा गुणधर्म प्रथमपासून ठाऊक होता. तो केवळ विसरला गेला.

मानवी शरीरांतील ग्रंथी रक्तांत जीं द्रव्यें सोडतात त्यांस संप्रेरकें म्हणतात. वाढ, झोंप, भूक, यौवन, मातृत्व ह्या सर्वांचे हुकूम तीं पोंचवितात, आणि त्यांचें प्रमाण इतकें सूक्ष्म असतें कीं ग्रॅमच्या कोट्यंशाच्या भाषेंत बोलावें लागतें. प्रौढ शरीरांत असा एखादा हुकूम चुकीचा आला, तर बहुधा तो टळून गेल्यावर कारभार पुनः सुरळीत होतो. गर्भांत व अर्भकावस्थेंत मात्र अवयवांची घडणच त्या हुकुमांवर चालू असते. भिंत बांधून झाल्यावर गवंड्याला चुकीचा निरोप मिळाला तर फारसें बिघडत नाहीं. पाया घालतांना मिळाला तर सारें घर कलतें. शिवाय बाळाचें वजन थोडें आणि वजनाच्या मानानें त्याचा आहार मोठा. त्यामुळें मोठ्या माणसास नगण्य वाटणारी मात्रा त्याच्या बाबतींत नगण्य राहत नाहीं.

ह्या कथेचा आरंभ लंडनमधील मिडलसेक्स रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत झाला. एडवर्ड चार्ल्स डॉड्स हे तेथील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. इस्ट्रोजेन हें स्त्रीसंप्रेरक त्या काळीं मूत्रांतून मोठ्या खटपटीनें काढावें लागे, व तें फार महाग पडे. तेंच कार्य करणारें स्वस्त कृत्रिम द्रव्य मिळावें म्हणून डॉड्स व त्यांचे सहकारी एकामागून एक रसायनें उंदिरमाद्यांवर तपासून पाहत होते. १८९१ मध्यें दियानिन नांवाच्या रशियन रसायनज्ञानें तयार केलेलें बिस्फेनॉल-ए हें द्रव्यही त्यांनीं तपासलें, आणि तें क्षीण प्रमाणांत कां होईना, इस्ट्रोजेनसारखें वागतें असें १९३६ मध्यें जाहीर केलें. औषध म्हणून तें दुर्बळ ठरलें व बाजूस पडलें. दोन वर्षांनीं, १९३८ मध्यें, त्यांना हवें तें प्रबळ द्रव्य सांपडलें : डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल, अर्थात् स्टिल्बेस्ट्रॉल. संशोधनाला सार्वजनिक पैशाचा आधार असल्यामुळें त्याचें पेटंट घेण्यांत आलें नाहीं. जो कोणी करील त्याला तें करण्याची मुभा होती, आणि अनेक कारखान्यांनीं तें केलें.

त्याच वर्षीं डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असेंही दाखविलें होतें कीं प्राण्यांत हें द्रव्य आरंभींची गर्भधारणा मोडूं शकतें. असें असतां पुढें तें गर्भ टिकावा म्हणून दिलें जाऊं लागलें! बोस्टन येथील जॉर्ज व ऑलिव्ह स्मिथ ह्या दांपत्यानें त्याचा पुरस्कार केला, आणि १९४७ मध्यें अमेरिकन सरकारच्या औषध-प्रशासनानें गर्भवतींसाठीं त्यास संमति दिली. १९५३ मध्यें शिकागोच्या डीकमन ह्यांनीं सुमारें सोळाशें गर्भवतींवर कसोटी घेतली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना त्यासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी अशी योजना होती. औषधाचा लाभ कांहींच दिसून आला नाहीं. तरी त्याचा प्रघात जवळजवळ वीस वर्षें चालूच राहिला.

त्याची किंमत पुढच्या पिढीनें मोजली. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयांत तरुण मुलींना योनिमार्गाचा एक अत्यंत विरळ कर्करोग झालेला दिसूं लागला. त्यांतील एका मुलीच्या आईनेंच शंका काढली कीं गरोदरपणीं आपण घेतलेल्या औषधाचा तर हा परिणाम नसेल ना? हर्बस्ट, उल्फेल्डर व पॉस्कान्झर ह्या डॉक्टरांनीं ती शंका झटकून न टाकतां तपासली. १९७१ च्या एप्रिलमध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं आठ रुग्ण मुलींपैकीं सात जणींच्या मातांनीं स्टिल्बेस्ट्रॉल घेतलें होतें. तुलनेसाठीं निवडलेल्या निरोगी मुलींच्या बत्तीस मातांपैकीं एकीनेंही घेतलें नव्हतें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत गर्भवतींना तें देऊं नये असा इशारा अमेरिकन प्रशासनानें दिला. तो कर्करोग अशा मुलींपैकीं हजारांत सुमारें एकीलाच होतो; परंतु वंध्यत्व व गर्भपात ह्यांचें दुःख त्याहून पुष्कळ अधिक जणींच्या वांट्यास आलें.

दरम्यान तेंच द्रव्य गोठ्यांत व खुराड्यांतही शिरलें होतें. कोंबडे लठ्ठ व्हावे म्हणून त्यांच्या मानेच्या कातडीखालीं त्याची गोळी ठेवीत. मांसांत अवशेष आढळल्यावर १९५९ मध्यें अमेरिकेंत तें बंद झालें. गुरांच्या चाऱ्यांत १९५४ पासून तें मिसळूं लागले होते. तो प्रकार थांबण्यास १९७९ साल उजाडलें. आणि १९८० मध्यें इटलींत वासराच्या मांसाचा मऊ लगदा करून डब्यांत भरलेल्या बालान्नांतच स्टिल्बेस्ट्रॉल आढळलें. जें अन्न माता निवडून, दाम मोजून, पौष्टिक म्हणून बाळाला भरवीत होत्या, त्यांतच तें होतें. युरोपभर संताप उसळला, ग्राहकांनीं वासराचें मांस घेणें सोडलें, आणि १९८१ मध्यें युरोपीय आर्थिक समुदायानें जनावरांना अशीं द्रव्यें देण्यास मनाई केली.

आतां त्या बाजूस पडलेल्या बिस्फेनॉल-ए कडे वळावयास हवें. १९५३ मध्यें जर्मनींत हर्मान श्नेल ह्यांनीं व त्याच सुमारास अमेरिकेंत डॅनिअल फॉक्स ह्यांनीं त्याच्यापासून पॉलीकार्बोनेट नांवाचें प्लॅस्टिक तयार केलें. तें कांचेसारखें पारदर्शक आणि पडलें तरी न फुटणारें. बाळाच्या बाटलीला ह्याहून सोयीचें काय असणार? परंतु हें प्लॅस्टिक उष्णतेनें व क्षारानें थोडें थोडें झिजतें, आणि त्यांतील बिस्फेनॉल-ए दुधांत उतरतें. जंतूंच्या भयानें जी बाटली माता कढत पाण्यांत उकळीत, ती त्या उकळण्यानेंच अधिक झिजे. रसायनज्ञ, पशुवैद्य व प्लॅस्टिकचे कारखानदार हे तीन निरनिराळ्या दालनांत बसणारे लोक. डॉड्स ह्यांचा १९३६ चा प्रयोग एका दालनांतून दुसऱ्यांत पोंचलाच नाहीं. तीनही दालनांचीं दारें मात्र बाळाच्या पाळण्यापाशीं उघडत होतीं.

त्या प्रयोगाची आठवण एका चुकीनें दिली. १९९८ मध्यें अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें पॅट्रिशिया हंट ह्या उंदिरमाद्यांच्या बीजांडांचा अभ्यास करीत होत्या. ज्यांच्यावर कोणताही प्रयोग केला नव्हता, त्या उंदिरमाद्यांच्या बीजांडांत गुणसूत्रांचा घोटाळा एकाएकीं वाढला. शेंकडा एक-दोनवरून तो चाळीसवर गेला. शोध घेतां कळलें कीं पॉलीकार्बोनेटचे पिंजरे व पाण्याच्या बाटल्या चुकून फरशी धुण्याच्या तीव्र द्रावणानें धुतल्या गेल्या होत्या, आणि झिजलेल्या प्लॅस्टिकांतून बिस्फेनॉल-ए पाझरत होतें. पुनः पुनः पडताळा पाहून त्यांनीं हें २००३ मध्यें प्रसिद्ध केलें.

पुढें सरकारें हललीं. कॅनडानें २००८ मध्यें अशा बाटल्यांवर बंदीचा संकल्प जाहीर केला व २०१० मध्यें तो अमलांत आणला. युरोपीय संघानें २०११ मध्यें तेंच केलें. अमेरिकेनें २०१२ मध्यें परवानगी काढून घेतली, पण कारण दिलें तें एवढेंच कीं कारखानदारांनीं असा वापर आधींच सोडला आहे. भारतांतही २०१५ च्या मानकानें दूध पाजण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांत बिस्फेनॉल-ए नसावें असें ठरविलें. बाटल्यांच्या जाहिरातीला तर १९९२ च्या कायद्यानेंच मनाई केली होती.

येथें सत्याला धरून बोलणें अगत्याचें आहे. स्टिल्बेस्ट्रॉलचा अपाय सिद्ध झालेला आहे. बिस्फेनॉल-ए ची गोष्ट तशी नाहीं. दुधांत उतरणाऱ्या अंशमात्रानें मानवी बालकास किती अपाय होतो, ह्याविषयीं शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. युरोपच्या अन्नसुरक्षा-संस्थेनें २०२३ मध्यें त्याची सोसवणारी मर्यादा एकदम वीस हजार पटींनीं खालीं आणली, आणि जर्मनीच्या संबंधित संस्थेनें त्या निर्णयाशीं जाहीर मतभेद नोंदविला. एक द्रव्य काढून त्याच्या जागीं त्याचेंच भावंड, बिस्फेनॉल-एस, घातलें जातें, आणि तपासणीचें चक्र पुनः पहिल्यापासून फिरूं लागतें.

मग घरानें काय करावें? भयानें झोंप उडवून घेण्याचें कारण नाहीं. आईचें दूध शक्य असेल तेथें तेंच उत्तम. वरचें दूध द्यावें लागलें तर स्वच्छ वाटी-चमचा, पोलादाचें वा कांचेचें भांडें हे जुनेच मार्ग अजूनही निर्धोक आहेत. चरे पडलेलें, धुरकट झालेलें प्लॅस्टिक टाकून द्यावें, आणि त्यांत कढत दूध ओतूं नये. परंतु इतिहासाचा खरा बोध ह्याहून मोठा आहे. प्रयोगशाळेंत जें एकदां कळलें, तें स्वयंपाकघरापर्यंत आपोआप येत नाहीं. कोणीतरी विचारावें लागतें. बोस्टनच्या त्या आईजवळ प्रयोगशाळा नव्हती. होता तो एक प्रश्न, आणि तो ऐकून घेणारा डॉक्टर. ज्या बाळाला अजून बोलतां येत नाहीं, त्याच्या वतीनें असा प्रश्न विचारणें हें पाळणा हालविण्याइतकेंच घरच्यांचें काम आहे.