विंटेज ट्रक आणि एक लोखंडी रिंग

मागच्या रविवारी मित्राच्या आजोबांचा ट्रक बघायला साताऱ्याला गेलो होतो. जुनी टाटा-मर्सिडीज, बॉनेटवाली. (टेल्को आणि डाइम्लर-बेन्झचा करार १९५४ ते १९६९. नंतर तारा गेला, 'टी' आला.) इंजिन ठीक, पण चाकं पार गेलेली.

मला वाटलं, एवढे जुने टायर मिळणार कुठे? पण ९.००-२० मापाचे नायलॉन टायर आपल्याकडे आजही बनतात. रिट्रेड घेतले तर अजून स्वस्त. खरी गोची निघाली रिमची.

त्यामागे इतिहास आहे. जुन्या ट्रक टायरची कड इतकी कडक, की अखंड रिमवर चढवणं महाकठीण. म्हणून रिमची एक बाजूच सुटी केली. टायर, ट्यूब, फ्लॅप बसवायचे आणि वरून लॉक रिंग ठोकायची. झालं! पण मग टायरला जागेवर धरते ती ही रिंगच. गंजलेली किंवा भलत्याच रिमची रिंग हवा भरताना उडाली तर माणूस मरतो. अमेरिकेत असे बळी गेल्यावर १९८० मध्ये सरकारने नियम केला: रिम आणि रिंगची जोडी जुळवून बघा, हवा लोखंडी पिंजऱ्यात भरा.

मित्राने भंगारातून चार रिंगा स्वस्तात उचलल्या होत्या. टायरवाल्या काकांनी एक हातात घेतली, फिरवून बघितली आणि परत दिली. "ही या रिमची नाही. मी हवा भरणार नाही."

मित्र चिडला. मी मात्र मनातल्या मनात काकांना सलाम ठोकला. पैसे वाचवायचे तर टायरवर वाचवा, रिंगवर नको.