यंत्राचा शीण आणि विसावा

माणूस कामानें थकतो आणि विसाव्यानें ताजा होतो. यंत्राविषयींहि तशीच समजूत आहे: काम कमी केलें कीं झीज कमी. वाऱ्यावर वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्यांचा इतिहास मात्र ही समजूत निम्मीच खरी ठरवितो.

धातूच्या शिणाची कथा आगगाडीपासून सुरू होते. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या एंजिनाचा आंस मोडला आणि पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. धडधाकट लोखंड एकाएकीं कां मोडावें? प्रशियाच्या रेल्वेंतील अभियंता ऑगस्ट वोलर यानें अनेक वर्षें प्रयोग करून १८७० पर्यंत याचें उत्तर दिलें. एका घावानें न मोडणारें लोखंड हलक्या, पण लाखों वेळां येणाऱ्या ताणानें मोडतें. आणि ताण किती मोठा, यापेक्षां तो किती वर-खालीं होतो, यावर त्याचें आयुष्य अधिक अवलंबून असतें.

हा नियम पवनचक्कीलाहि चुकला नाहीं. अमेरिकेंत व्हर्मांट येथील एका टेकडीवर १९४१ सालीं पामर पटनम याच्या योजनेप्रमाणें १२५० किलोवॅटची चक्की उभी राहिली. फेब्रुवारी १९४३ मध्यें तिचें मुख्य बेअरिंग बिघडलें. महायुद्धामुळें दुरुस्तीस दोन वर्षें लागलीं. तोंवर जखडलेल्या पात्यांवर वारा आदळतच होता. चक्की पुन्हां फिरूं लागली आणि २६ मार्च १९४५ रोजीं एक पातें बुडाशीं मोडून पडलें. ती जागा दुबळी आहे हें आधींच ठाऊक होतें. पण युद्धकाळांत ती बळकट करतां आली नव्हती.

१९९१ सालीं डेन्मार्कनें व्हिंडेबी येथें ११ चक्क्या समुद्रांत उभ्या केल्या. पुढें अशा कित्येक चक्क्या समुद्रतळांत ठोकलेल्या एकाच पोलादी खांबावर उभारल्या गेल्या. वर वारा, खालीं लाटा, असा दुहेरी मारा त्यांच्यावर होतो. विजेची मागणी घटली, किंवा यंत्राचें आयुष्य वाढवावयाचें असलें, म्हणजे पात्यांचा कोन बदलून वीज मुद्दाम कमी काढतात. मग वाऱ्याचा रेटा उतरतो, आणि पात्यांच्या बुडाशीं व मनोऱ्यांत ताणाची चढउतारहि बहुधा कमी होते. जोडकाम केलेल्या पोलादांत ही चढउतार निम्मी झाली, तर आयुष्य साधारण आठपट होतें. लाभ मोठाच म्हणावयाचा.

परंतु चक्की पूर्ण थांबविली म्हणजे चित्र पालटतें. पातीं फिरत असतां मनोरा वाऱ्याकडे झुकला, कीं वारा त्यांना अधिक वेगानें भेटतो आणि मनोऱ्याला मागें रेटतो. मनोरा मागें झुकला, कीं तो रेटा घटतो. अशा रीतीनें वाराच हेलकाव्याला आवर घालतो. पातीं थांबलीं कीं हा आवर जवळजवळ नाहींसा होतो. मग लाटेनें दिलेला हेलकावा लवकर शमत नाहीं, आणि पायाजवळचें पोलाद अधिक शिणतें. फिरण्याचा वेग घटवितांनाहि जपावें लागतें. तीन पात्यांची लय मनोऱ्याच्या स्वाभाविक हेलकाव्याशीं जुळली, तर तो वाढतो.

१९२४ सालीं स्वीडनच्या पामग्रेननें आणि १९४५ सालीं अमेरिकेच्या माइनरनें, प्रत्येक हेलकाव्याची हानि खात्यांत जमा होत जाते असें मांडलें. समुद्रांतील चक्की आणखी किती वर्षें उभी ठेवावी, हें आजहि याच हिशेबावरून ठरवितात. त्या खात्यांत श्रमाचे तास मांडावे लागतात, तसे विसाव्याचेहि. कारण चक्की विसावली, तरी समुद्र विसांवत नाहीं.