चोराची खूण, चोराची चाल : लाहोरच्या फ्लॉपीपासून कॉसमॉस बँकेपर्यंत

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारनंतरच्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. तरीही ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने सांगितले आणि ते खरे होते. पैसे बँकेचे गेले होते, कारण ते देताना कुणाचे खाते तपासलेच गेले नव्हते. १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेत हे कसे घडू शकले, हे समजून घ्यायचे तर संगणकातला चोर ओळखण्याच्या पद्धती कशा बदलत गेल्या, ते आधी पाहायला हवे.

खुणेचा काळ

पीसीवर पसरलेला पहिला प्रसिद्ध व्हायरस 'ब्रेन' १९८६ साली लाहोरमध्ये तयार झाला. तो लिहिणारे बासित आणि अमजद फारूक अल्वी हे संगणकाचा व्यवसाय करणारे दोघे भाऊ. संगणक सुरू होताना फ्लॉपीचा जो पहिला भाग वाचतो, तिथे ब्रेन ठाण मांडून बसे. विशेष म्हणजे त्यात या भावांचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहिलेला होता. अशा चोराला ओळखणे सोपे होते. व्हायरसच्या आज्ञावलीतला, दुसरीकडे सहसा न सापडणारा एक तुकडा निवडायचा आणि प्रत्येक फाइलमध्ये तो आहे का ते पाहायचे. या तुकड्याला 'सिग्नेचर' म्हणतात. तुकडा फार छोटा निवडला तर निरपराध फाइलवर आळ येतो. फार मोठा निवडला तर किंचित बदललेला व्हायरस निसटतो. विश्लेषकाचे कसब या निवडीत असे.

पुण्यातही दोघे भाऊच या कामात उतरले, पण चोर पकडण्याच्या बाजूने. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडत. धाकटे बंधू संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी या व्हायरसवर उपाय लिहायला सुरुवात केली. त्यातून १९९०च्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' बाजारात आले. दुरुस्तीच्या टेबलावर येणारा प्रत्येक बिघडलेला संगणक हा नवा नमुना होता. नमुना मिळाला की खूण काढता येई आणि पुढच्या ग्राहकाला वाचवता येई. पण पहिला ग्राहक? तो नाडला गेलेलाच असे.

खूण पुसणारे चोर

ही मर्यादा अमेरिकेत फ्रेड कोहेन यांनी १९८४ सालीच तर्काने दाखवून दिली होती. समजा, कुठलाही व्हायरस अचूक ओळखणारा एक परीक्षक आहे. आता मी असा प्रोग्राम लिहितो, जो त्या परीक्षकालाच विचारतो, 'मी व्हायरस आहे का?' उत्तर 'हो' आले तर तो गप्प बसतो, 'नाही' आले तर पसरतो. परीक्षक काहीही म्हणाला तरी चुकतोच. म्हणजे सर्वज्ञ परीक्षक असूच शकत नाही.

१९९०नंतर व्यवहारातही हेच दिसू लागले. प्रत्येक प्रतीत स्वतःचे रूप बदलणारे व्हायरस आले. १९९२ सुमारास 'डार्क अव्हेंजर' या टोपणनावाने वावरणाऱ्या बल्गेरियन लेखकाने तर असे रूपांतर करून देणारे तयार साधनच पसरवले. मग विश्लेषकांनी चेहरा सोडून चाल पाहायला सुरुवात केली. संशयित प्रोग्राम बंदिस्त, खोट्या संगणकात चालवायचा. तो कुठल्या फाइल उघडतो, कुणाशी संपर्क साधतो, हे टिपायचे. हाच 'सँडबॉक्स'. त्यावर चोरांनीही तोड काढली. आपण सँडबॉक्समध्ये आहोत असा संशय आला की घातक प्रोग्राम सभ्यपणे वागू लागला.

कॉसमॉसचा धडा

एटीएममध्ये कार्ड घातले की संदेश बँकेच्या 'स्विच'कडे जातो. स्विच तो खात्यांच्या मूळ प्रणालीकडे पाठवतो आणि शिल्लक पाहून होकार येतो. कॉसमॉसमध्ये घुसखोरांनी मधेच एक बनावट स्विच उभा केला. बनावट कार्डांच्या मागणीला तोच होकार देत राहिला. मूळ प्रणालीपर्यंत संदेश पोचलाच नाही. याच पद्धतीच्या हल्ल्यांविषयी अमेरिकी यंत्रणांनी ऑक्टोबर २०१८मध्ये 'फास्टकॅश' नावाने इशारा दिला. अशा प्रणाली ठरावीक खाते क्रमांकांचीच वाट पाहतात आणि बाकी सर्वांचे व्यवहार नेहमीसारखे होऊ देतात, असे त्यांच्या विश्लेषणात दिसले. अशा चोराची ना आधीची खूण असते, ना रोजच्या वागण्यात काही खटकते.

तरी एक गोष्ट त्याला लपवता येत नाही. स्विचने किती होकार दिले आणि खात्यांतून किती रक्कम वजा झाली, हे दोन आकडे त्या शनिवारी जुळणे शक्यच नव्हते. रात्री रोजकीर्द आणि खतावणीचा ताळा जमवल्याशिवाय दुकान न मिटणारा जुना मुनीम हेच करत असे. आज हा ताळा दिवसाअखेरीऐवजी मिनिटामिनिटाला जमवावा लागतो, एवढाच फरक.

नगरकरांचा प्रश्न

नगर जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, हे परके नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून इथल्या शेतकऱ्याचा पैसा सहकारी संस्थांतून फिरतो. गावोगावच्या पतसंस्था आणि बँका आता संगणकावर चालतात, पण ती यंत्रणा बहुधा बाहेरच्या कंपनीची असते. जुलै २०२४च्या अखेरीस 'सी-एज' या अशाच सेवा देणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर मालवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार काही काळ अडले.

कॉसमॉस खटल्यात २०२३च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. पण शिक्षा झाली ती पैसे काढणाऱ्यांच्या साखळीला. मालवेअर लिहिणारे हात तिथे आले नाहीत. म्हणून वार्षिक सभेत लाभांशाचा आकडा विचारणाऱ्या सभासदाने आणखी एक प्रश्न विचारायला हवा : आपल्या संस्थेचा ताळा कोण जमवतो, आणि किती वेळाने? अँटिव्हायरस घेतला आहे, हे त्याचे पुरेसे उत्तर नव्हे.