फ्रॉइड नव्हे, फ्रॉइंड!

आजच्या नावाची गडबड होणार, म्हणून आधीच सांगतो: फ्रॉइड नाही, फ्रॉइंड. कुर्ट फ्रॉइंड. आणि हो, इयरफोन लावून घ्या, कारण आज शरीराबद्दल थेट बोलायचंय.

जन्म १९१४चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ख्रुदिम गावचा. जर्मन बोलणारं ज्यू घर. नाझी आले आणि घरातली जवळची माणसं मारली गेली. कुर्टची बायको ज्यू नव्हती. तिला आणि लेकीला वंशाच्या कायद्यांची झळ लागू नये म्हणून दोघांनी युद्धाच्या काळात घटस्फोट घेतला, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा एकमेकांशीच लग्न केलं. यावर खरं तर वेगळा एपिसोड होईल.

पुढे प्रागमध्ये तो मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करू लागला. १९५०च्या दशकात तिथल्या लष्कराला एक कोडं पडलं होतं. सक्तीची भरती चुकवायला काही तरुण ‘मी समलिंगी आहे’ असं सांगायचे. खरं कोण बोलतंय हे ओळखायचं कसं? फ्रॉइंडने यंत्र बनवलं. लिंगावर काचेची नळी बसवायची, समोर स्त्री-पुरुषांची चित्रं दाखवायची आणि नळीतल्या हवेचं आकारमान किती बदलतं ते मोजायचं. तोंड खोटं बोललं तरी शरीर बोलणार नाही, असा हिशोब. (तसं शरीरालाही थोडंफार फसवता येतं, हे पुढे कळलं.)

त्याच काळात तो समलिंगी पुरुषांना ‘बरं’ करण्याचा प्रयत्नही करत होता. उलटी आणणारं औषध टोचायचं आणि मळमळत असतानाच पुरुषांची चित्रं दाखवायची. मग दुसऱ्या टप्प्यात पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन देऊन स्त्रियांची चित्रं. तेव्हा तिथे समलिंगी संबंध गुन्हा होता, त्यामुळे काही जण कोर्टाने पाठवलेले, तर काही स्वतःहून आलेले.

आता खरी गोष्ट. काही वर्षांनी फ्रॉइंडने या जुन्या पेशंटांना पुन्हा गाठलं. कोर्टाने पाठवलेल्यांमध्ये टिकाऊ बदल कुणातच नव्हता. स्वतःहून आलेल्यांपैकी काहींनी मात्र लग्नं केली होती. दुसरा एखादा डॉक्टर इथेच थांबला असता. लग्न झालं म्हणजे पेशंट बरा, लिहा रिपोर्ट! आपल्याकडेही ‘लग्न लावून द्या, होईल ठीक’ म्हणणारे काय कमी आहेत? फ्रॉइंड थांबला नाही. ओढ कुणाकडे आहे, हे त्याने विचारलं. ती बदललेली नव्हती. आपण जमवलेल्या त्या संसारांपैकी कित्येक पुढे असह्य झाले, असं त्याने नंतर स्वतःच लिहिलं.

मग उपचार सोडून तो कायद्याच्या मागे लागला. १९६१ साली चेकोस्लोव्हाकियाने प्रौढांमधले समलिंगी संबंध गुन्ह्यांतून वगळले. इंग्लंडने ते १९६७ साली केलं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १९७३ साली. आपलं कलम ३७७ याबाबतीत रद्द व्हायला २०१८ उजाडलं.

मला हा माणूस संत वाटत नाही. त्या खोलीत ओकत बसलेल्या पुरुषांना त्यांची ती वर्षं कुणी परत दिली नाहीत. पण आपल्याच आकड्यांनी आपल्याविरुद्ध दिलेली साक्ष मान्य करणारे डॉक्टर मला फार भेटलेले नाहीत.

१९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले आणि फ्रॉइंडने देश सोडला. टोरांटोच्या क्लार्क इन्स्टिट्यूटमध्ये त्याने पुढची कित्येक वर्षं लैंगिक विकृतींवर, मुख्यतः लहान मुलांकडे ओढ असणाऱ्या पुरुषांवर, काम केलं. यंत्र तेच. १९९६ साली तो गेला.

यंत्र मात्र गेलं नाही. २०१० साली युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्कांच्या संस्थेने चेक सरकारवर टीका केली. जिवाच्या भीतीने पळून आलेले समलिंगी पुरुष तिथे आश्रय मागत होते, आणि ते ‘खरंच’ समलिंगी आहेत का हे तपासायला अधिकारी हीच चाचणी वापरत होते.