‘दशावतार’ आणि धातूचा नाद

तारिहाळचे नाव आज प्रामुख्याने औद्योगिक वसाहतीमुळे घेतले जाते. येथे राहणाऱ्यास पत्रे कापण्याचा आणि यंत्रांचा आवाज नवा नाही. मात्र अशा आवाजातून संगीत निपजते, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. गेल्या उन्हाळ्यात सुटीवर आलेल्या आमच्या नातवाने एक ध्वनिमुद्रण लावले, तेव्हा ‘हा गोंगाट बंद कर’ असे आम्ही त्यास दरडावले. तो काही न बोलता उठून गेला. त्या अल्बमचे नाव ‘दशावतार’ होते, हे आम्हांस नंतर कळले. दोन्ही बाजू ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हे सरकारी सेवेत आयुष्यभर इतरांस सांगत आलेल्या आम्हांस त्याची रुखरुख लागली. या टिपणाचे मूळ त्या रुखरुखीत आहे.

या संगीताचा उगम कारखान्यांच्या गावातच आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे 1965 साली पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे केली आणि पुढे बोटांना सोसावे म्हणून तारा सैल लावल्या. त्यातून जो खर्जातील जड नाद निघाला, त्यावर ‘ब्लॅक सॅबथ’ हा वाद्यवृंद उभा राहिला. 1970 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पहिला अल्बम हेवी मेटलचा आरंभ मानला जातो. याच परंपरेतून पुढे गुरगुरत्या आवाजाचे ‘डेथ मेटल’ आले. 1990 नंतरच्या दशकात स्वीडनमधील गोथेनबर्ग या बंदराच्या शहरी तरुणांनी त्या कठोरपणास गिटारच्या सुरेल जोड-सुरावटी दिल्या. ‘अ‍ॅट द गेट्स’चा 1995 मधील ‘स्लॉटर ऑफ द सोल’ हा त्या शैलीचा मानदंड ठरला. विशेष म्हणजे 1996 सालीच तो वाद्यवृंद विखुरला आणि त्याचे खरे मोल मागाहून कळले.

मुंबईत साहिल मखिजा या तरुणाने 2000 साली ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ स्थापन केला. अशा संगीतास मोठी कंपनी मिळणे दुरापास्त, म्हणून त्याने स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि इतर वाद्यवृंदांचे अल्बमही प्रसिद्ध केले. मुंबईचे रंगभवन हे अशा मैफलींचे हक्काचे स्थान होते. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेही हातचे गेले. तरीही 2010 साली ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा पुरस्कार या वाद्यवृंदास लाभला. घरच्या पंगतीत ज्यास पाट नाही, त्यास परक्याने मानाने वाढावे, असाच हा प्रकार.

‘दशावतार’ 2017 साली आला. मत्स्य, कूर्म, वराह येथपासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारास एक, अशी दहा गीते. भाषा इंग्रजी, वाद्ये प्रामुख्याने पाश्चात्त्य, मध्येच भारतीय वाद्यांची छटा. गुरगुरता आवाज निव्वळ ओरडण्याने साधत नाही. स्वरतंतूंच्या वर असलेल्या मांसल घड्या श्वासाच्या दाबाने कंपित कराव्या लागतात. तालमीवाचून हे केले तर गळा जायबंदी होतो. याच गळ्यातून पुढच्या ओळीत निर्मळ सूरही निघतो. उग्र आणि सौम्य यांचा हा आलटूनपालटून होणारा खेळ नरसिंहाच्या कथेस परका नाही. खांब फुटतो तेव्हा प्रह्लादाचे भजनही चालू असतेच की!

या संदर्भात आपल्या हुबळीचीच एक गोष्ट आठवते. 1932 च्या सुमारास गंगूबाई हंगल यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका ‘गांधारी’ या नावाने निघाल्या, तेव्हा त्यांचा आवाज पातळ व उंच होता. पुढे घशावरील उपचारानंतर तो पुरुषी वाटावा इतका भारदस्त झाला. रूढ अर्थाने ज्यास ‘गोड’ म्हणावे, तसा तो राहिला नाही. तरी सवाई गंधर्वांच्या या शिष्येने त्याच आवाजाने मैफली जिंकल्या, आणि 2002 साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. हा वारसा सांगणाऱ्या आम्ही एका जाड्याभरड्या आवाजास दारातूनच परत पाठवले होते!

दिवाळीत नातू आला, तेव्हा आम्ही आपण होऊन तो अल्बम लावावयास सांगितला. सारे रुचले असे म्हणणे खोटे ठरेल. नववे गीत बुद्धावर होते. आपल्याकडील जुन्या पंचांगांच्या चित्रांत त्या जागी कित्येकदा विठ्ठल असे, हे आम्ही सांगितले. तो विठ्ठल मूळचा कर्नाटकाचा मानला जातो, हे ऐकून तो चकित झाला आणि घटकाभर प्रश्न विचारीत बसला. कानडी मुलुखात पिढ्यानपिढ्या मराठी जपणाऱ्या आपल्या घरांत नातवंडे आजोबांशी बोलेनाशी झाली, तर जपलेले कोणाच्या हाती द्यावयाचे? वाचकांनी हे संगीत आवडून घ्यावे असा आग्रह नाही. मात्र दरडावण्यापूर्वी एक गीत पुरते ऐकावे, इतकीच विनंती.