विद्यालय गेले, विद्या राहिली

देवळाली कॅम्पहून नाशिकला गेलो, की पाय गोदावरीकाठच्या पंचवटीकडे वळतात. तेथील मंदिरे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु आपले सर्वस्व गमावलेला एक थोर गायक आयुष्याच्या उत्तरार्धात याच परिसरात राहिला, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. पंडित विष्णू दिगंबर पलुसकर हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे, एका कीर्तनकाराच्या घरी झाला. बालपणी फटाक्याच्या स्फोटाने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी अधू झाली. शालेय शिक्षणाची वाट बंद झाली. तेव्हा मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायनाची वाट खुली झाली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बुवा शिस्तीचे कठोर होते. पहाटेपासूनचा रियाज, गुरुगृहीची सेवा आणि गुरू देतील तेव्हा आणि देतील तेवढेच घेणे, अशी ती विद्या होती.

१८९६ मध्ये विष्णुपंत मिरजेहून बाहेर पडले. गवई म्हणजे संस्थानिकाचा आश्रित, आणि गाणे हा कुलीनांना न शोभणारा छंद, अशी त्या काळची समजूत होती. ती बदलण्याचा त्यांनी निर्धार केला. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी लोकाश्रयावर गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या आता वर्ग, वेळापत्रक, स्वरलिपी आणि छापील पुस्तके यांच्या साहाय्याने कोणालाही घेता येऊ लागली. होतकरू मुलांसाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. नऊ वर्षे शिकण्याचा करार असे. राहण्याजेवण्याचा भार विद्यालय उचली.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले. पुढे त्यासाठी भव्य वास्तू उभी राहिली आणि तिच्याबरोबर कर्जही वाढत गेले. जलसे करून मिळविलेला पैसा पुरा पडेना. अखेरीस ती वास्तू लिलावात गेली. पंडितजींनी नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापिला होता. तेथे रामायणकथन, भजन आणि शिष्यांना शिकविणे हा त्यांचा नित्यक्रम राहिला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, हिशेबाच्या वहीत हे अपयशच ठरेल. परंतु पुढचे पान पाहा. त्यांच्या अपत्यांपैकी एकटा दत्तात्रेय जगला होता आणि पित्याच्या निधनसमयी तो अवघ्या दहा वर्षांचा होता. त्याला गायन शिकविले कोणी? विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या पित्याच्याच शिष्यांनी. वडिलांनी परक्यांच्या मुलांना मुक्तहस्ते दिलेले धन त्यांच्या पोरक्या मुलाकडे असे परत आले. तोच पुढे पंडित द. वि. पलुसकर म्हणून विख्यात झाला. १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. तरी त्याच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकल्या जातात.

शिष्यांनी १९३१ मध्येच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज गावोगावची मुले त्याच्या परीक्षांना बसतात. आपल्या घरातील मूल तंबोऱ्याशी सूर जुळवू लागले, तर ‘यातून पुढे काय मिळणार?’ असे विचारण्यापूर्वी पंचवटीतील त्या ऋणको गुरूचे स्मरण करावे. त्याने देताना असा हिशेब कधी मांडला नव्हता.